गिअर बदलताना हिसका येतो कुठून? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख गिअर आणि क्लचकडे आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे एका साधारण लहान पेट्रोल गाडीचे धरले आहेत. गुणोत्तर म्हणजे पुढचा भाग एकदा फिरायला इंजिनाच्या बाजूला किती फेरे घ्यावे लागतात तो आकडा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५, दुसऱ्याचं १.९, तिसऱ्याचं १.३, चौथ्याचं ०.९५, पाचव्याचं ०.७५, डिफरन्शियलचं (गिअर बॉक्सच्या पुढे चाकं फिरवणाऱ्या दातचाकांचं) ४.१ आणि चाकाचा घेर १.८ मीटर. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, हिशोब तोच.

प्रश्न : गाडी शिकून तीन महिने झाले. तिसरा, चौथा, पाचवा लोण्यासारखा पडतो. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना रोज हिसका बसतो, मागे बसलेल्यांच्या माना डुलतात. क्लच पूर्ण दाबते, हळू सोडते. दुसऱ्याच गिअरशी माझं काय वाकडं आहे?

वाकडं तुमचं नाही, गुणोत्तरांचं आहे. पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी १९ किमीवर असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २५०० फेरे घेतं. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते १३५० फेऱ्यांवर हवं. म्हणजे तुम्ही दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेता तेवढ्या वेळात इंजिनाला ११५० फेरे खाली यायचं असतं. चौथ्यातून पाचव्यात जाताना हीच उतरण २५०० वरून १९७५ पर्यंत, जेमतेम सव्वापाचशेची. एवढी तफावत क्लच प्लेट (इंजिन आणि गिअर बॉक्स यांना घर्षणानं जोडणारी चकती) निमूट गिळते. पहिल्या-दुसऱ्यातली गिळत नाही. शिवाय खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर कितीतरी पटींनी वाढून चाकावर येतो, त्यामुळे तीच चूक तिथे जास्त लागते.

हिसका दांड्यातून येत नाही. क्लच जोडला जातो त्या क्षणी इंजिन एका गतीनं आणि गिअर बॉक्स दुसऱ्या गतीनं फिरत असेल, तर दोघांना एका गतीवर आणण्याची किंमत गाडीतल्या माणसांच्या माना मोजतात. म्हणून 'क्लच हळू सोडा' हा सल्ला अर्धाच आहे. गती जुळली असेल तर क्लच बऱ्यापैकी भरभर सोडला तरी काही जाणवत नाही.

आधी तुमचा हिसका कोणता ते ओळखा. क्लच सोडताना पाठ सीटला चिकटली, तर इंजिन जास्त फिरत होतं. तुम्ही घाई केलीत. छाती पट्ट्याकडे गेली, तर इंजिन फार खाली आलं होतं. तुम्ही उशीर केलात आणि गाडीनं आपल्या धावेनं त्याला ओढून वर नेलं. तिसरा हिसका क्लच दाबण्याच्या आधीच येतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला गेला आणि क्लचवरचा पाव सेकंद मागे राहिला, की तेवढ्यात इंजिनाचा ब्रेक लागतो आणि गाडी नाक खाली घालते. पहिल्या गिअरमध्ये हा ब्रेक फार जबर असतो. नवशिक्यांत हा तिसराच प्रकार जास्त दिसतो आणि दोष मात्र क्लच सोडण्याला दिला जातो.

दुसरा टाकताना असं करा. गाडी ताशी १५ ते २० च्या दरम्यान आली की ॲक्सिलरेटर सोडणं आणि क्लच दाबणं एकाच ठेक्यात होऊ द्या, तराजूची पारडी हलतात तसं. क्लच तळापर्यंत. दांडा डावीकडे हलका दाब ठेवून सरळ मागे ओढा. न्यूट्रलपाशी 'एक' म्हणायला लागतो तेवढा वेळ हात सैल पडू द्या. दांडा दुसऱ्यात बसला की इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा १४०० च्या आसपास आलाय का ते बघा आणि क्लच पकड घेतो त्या जागेपर्यंत वर आणा. तिथे अर्धा सेकंद थांबा, मग पूर्ण सोडा. ॲक्सिलरेटर त्यानंतर, तोही जेमतेम. काट्याकडे बघणं दोन-तीन दिवसच, तेही मोकळ्या रस्त्यावर. पुढे कानालाच कळतं.

एक अडचण मात्र खरंच गाडीची असू शकते. ॲक्सिलरेटरला तार नसून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) असलेल्या बऱ्याच गाड्यांत पाय काढल्यावर फेरे लगेच उतरत नाहीत, सेकंदभर वरच रेंगाळतात. धुरातलं प्रदूषण आवरण्यासाठी कंपन्यांनीच थ्रॉटल सावकाश बंद होईल असं बसवलेलं असतं. अशा गाडीत पहिला गिअर ताणू नका. १८००-२००० फेऱ्यांवरच दुसरा टाकायला घ्या, म्हणजे उतरायचं अंतर कमी होईल आणि वाट पाहावी लागणार नाही.

प्रश्न : क्लच हळू सोडला तर प्लेट जळते म्हणतात, झटकन सोडला तर गाडी उडी मारते. मग सोडायचा कसा?

क्लचच्या पॅडलचा प्रवास सगळा सारखा नसतो. तळापासून वर येताना पहिला टप्पा मेलेला असतो, तिथे काहीच घडत नाही. मग दोन-तीन सेंटीमीटरचा एक पट्टा येतो जिथे प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) टेकते, घसरते आणि शेवटी चिकटते. त्याच्या वरचा टप्पा पुन्हा मोकळा. हळूपणा लागतो तो फक्त मधल्या पट्ट्यात. खालचा टप्पा भरकन पार करा, पट्ट्यात थांबा, आणि प्लेट चिकटली की पाय पूर्ण उचलून बाजूच्या पायटेकीवर ठेवा. जे तळापासून वरपर्यंत एकाच संथ गतीनं सोडतात ते नको तिथे वेळ घालवतात आणि हव्या त्या जागेवरून तितक्याच वेगानं पुढे निघून जातात.

हा पट्टा पायाला शिकवायची कसरत सोपी आहे. सपाट, मोकळी जागा बघा. इंजिन गरम होऊ द्या, पहिला गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, न लावता फक्त क्लच वर आणा. पकड सुरू होताच इंजिनाचा आवाज दबतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं. तिथेच पाय गोठवा. गाडी सरकू लागली की आणखी थोडा सोडा. हल्लीच्या इंजिनांत संगणक फेरे सांभाळून घेतो, त्यामुळे नुसत्या क्लचवर गाडी निघते. जुन्या किंवा अगदी लहान इंजिनात ती एखाददा बंद पडेल, पडू द्या. दहा-बारा वेळा झालं की दहा मिनिटं थांबा, कारण या कसरतीत प्लेट तापतेच. जळका, करपलेल्या कागदासारखा वास आला तर त्या दिवशी पुरे.

बसण्याकडेही बघा. क्लच तळाला टेकलेला असताना डावा गुडघा किंचित वाकलेला हवा. पाय पूर्ण ताठ होत असेल तर शेवटचे दोन सेंटीमीटर तुम्ही बोटांच्या टोकानं दाबताय, आणि तिथे ताबा राहत नाही. जाड, मऊ तळव्याचे बूटही पट्टा ओळखू देत नाहीत.

प्रश्न : गतिरोधकाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकला की गाडी ब्रेक मारल्यासारखी अडते. वर जाताना असं होत नाही.

वर जाताना इंजिनाला फक्त उतरायचं असतं, ते आपोआप होतं. खाली येताना त्याला चढायचं असतं, आणि ते कुणीतरी चढवावं लागतं. तुम्ही नाही चढवलंत तर चाकं चढवतात. तीच ती अडवणूक.

हिशोब करा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ला इंजिन जवळपास २९०० फेऱ्यांवर हवं, ३० ला २१५० वर, २० ला १४५० वर. क्लच दाबल्यावर ते ८०० च्या आसपास येऊन थांबलेलं असतं. म्हणजे ४० ला दुसरा टाकून क्लच सोडलात तर दोन हजारांची दरी, २० ला टाकलात तर साडेसहाशेची. आधी ब्रेकनं वेग उतरवा, गिअर त्यानंतर. वेग कमी करायला ब्रेक आहेत. त्यासाठी क्लच प्लेट झिजवण्यात शहाणपण नाही.

उतारावर किंवा ओव्हरटेकच्या आधी मात्र वेग न उतरवता खालचा गिअर हवा असतो. तेव्हा क्लच दाबलेला असताना, दांडा खालच्या गिअरकडे जात असतानाच, ॲक्सिलरेटरला एक छोटी टिचकी द्या. तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना फेरे सुमारे दीडपट व्हायला हवेत, चौथ्यातून तिसऱ्यात साधारण १.४ पट. टिचकी दिल्यावर फेरे पुन्हा खाली येऊ लागतात. ते उतरत असतानाच क्लच सोडा. जमलं की कळतच नाही गिअर कधी बदलला. सुरुवातीला टिचकी नेहमी कमी पडते, कारण गोंगाटाची लाज वाटते. थोडी जास्त झालेली बरी.

प्रश्न : पाचव्यातून चौथा टाकायला गेलो आणि दुसरा पडता पडता राहिला. दांडा धरण्याची योग्य पद्धत कोणती?

थोडक्यात वाचलात, गाडीही आणि तुम्हीही. ताशी १०० ला पाचव्यात इंजिन २८५० फेऱ्यांवर असतं, चौथ्यात ३६०० वर जाईल. दुसऱ्यात ते ७२०० वर गेलं असतं. फेऱ्यांवर मर्यादा घालणारा संगणक इथे कामाचा नाही. तो फक्त इंधन तोडू शकतो, आणि इथे इंजिनाला फिरवत असतात ती चाकं. अशा वेळी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतात.

इंग्रजी एच अक्षरासारख्या मांडणीत दांड्याला आतून स्प्रिंग असते. न्यूट्रलमध्ये हात काढलात तर दांडा आपणहून मधल्या ओळीत, तिसऱ्या-चौथ्याच्या समोर येऊन उभा राहतो. गाडी बंद असताना करून बघा. म्हणजे तिसरा आणि चौथा ही स्प्रिंगची घरची जागा. तिथे जाताना तुम्ही आडवा जोर लावायचाच नाही. पाचव्यातून दांडा न्यूट्रलला आणा, पकड सैल करा, स्प्रिंग त्याला मध्ये आणेल, मग सरळ मागे ओढा. दुसऱ्यातून तिसऱ्यात तेच: सरळ पुढे, सैल, पुन्हा सरळ पुढे. 'तिरकं' ढकलायला गेलात की पहिल्याच्या नाहीतर पाचव्याच्या तोंडाशी जाल.

आडवा जोर लागतो तो फक्त कडेच्या ओळींना. उजव्या बाजूला स्टीअरिंग असेल तर पहिल्या-दुसऱ्यासाठी तळहात उजवीकडून लावून दांडा आपल्यापासून दूर दाबा. पाचव्यासाठी तळहात डावीकडून लावून आपल्याकडे ओढा. मूठ आवळून धरू नका. मुठीत हाताचा, खांद्याचा सगळा जोर उतरतो आणि खाच कुठे आहे ते कळत नाही. गिअर टाकून झाल्यावर हात स्टीअरिंगवर.

प्रश्न : चालवताना हात दांड्यावर ठेवला तर खरंच काही बिघडतं का?

हो, पण महिन्याभरात नाही. दांड्याचं दुसरं टोक गिअर बॉक्समधल्या एका फोर्कला हलवतं आणि तो फोर्क फिरणाऱ्या स्लीव्हच्या (सरकून गिअर जोडणाऱ्या कडीच्या) खाचेत बसलेला असतो. हाताच्या वजनानं तो स्लीव्हच्या कडेला घासत राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की फोर्क झिजतो आणि गिअर पूर्ण बसेनासा होतो. क्लचवर पाय टेकवून ठेवण्याची सवय याहून वाईट. त्यात रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबाखाली फिरतं आणि प्लेट थोडी थोडी घसरत राहते.

प्रश्न : रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो, कधी कधी पहिलाही अडतो. गिअर बॉक्स उघडावा लागेल असं सांगण्यात आलंय. खर्चाला घाबरून विचारतो.

बॉक्स उघडण्याआधी पायाखाली बघा. पायपुसणीची कड, जादाची मॅट किंवा दोन मॅट एकावर एक क्लचच्या पॅडलखाली आल्या असतील तर पॅडल तळाला पोचत नाही आणि क्लच पूर्ण सुटत नाही. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा बऱ्याच वेळा निघते.

मॅट काढून मग ही तपासणी करा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू, दांडा न्यूट्रलमध्ये. क्लच तळापर्यंत दाबा, मनात सहापर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला नाही तर दोष घाईचा आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअर बॉक्सचा आतला शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो आणि क्लच दाबल्यावर थांबायला त्याला काही सेकंद लागतात. पुढच्या गिअरना हा शाफ्ट थांबवणारी सिंक्रोनायझर रिंग असते. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ती नसते, म्हणून फिरत्या दातावर दात आपटतो. उपाय दोन: थोडं थांबा, किंवा क्लच दाबलेला ठेवून आधी दुसरा गिअर टाका आणि लगेच तिथून रिव्हर्सला जा. दुसऱ्याची रिंग शाफ्ट थांबवून देते.

सहा मोजूनही कर्र आलंच तर शाफ्ट फिरतोच आहे, म्हणजे क्लच सुटत नाही. तरीही गिअर बॉक्सवर संशय घेऊ नका. क्लच केबलवर असेल तर पॅडलचं मोकळं खेळणं मोजा. साधारण दीड-दोन सेंटीमीटर असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. त्याहून बरंच जास्त असेल तर केबल ताणून घ्यायची. काही गाड्यांत केबल आपोआप जुळते, तिथे हा आकडा लागू नाही. क्लच हायड्रॉलिक असेल तर टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. पॅडल मऊ लागतंय आणि दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडतोय, तर नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर (पॅडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर गळतोय. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतली ओल ओढून घेतं. क्लचच्या नळीचं त्यात नेहमी विसरलं जातं.

उभ्या गाडीत पहिला अडतो ते वेगळं. तिथे काहीच फिरत नसतं. स्लीव्हचा दात गिअरच्या दातासमोर नेमका येऊन ठाकलेला असतो. जोर लावू नका. न्यूट्रलला या, क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा, दात सरकतो आणि गिअर पडतो. हा बिघाड नाही.

प्रश्न : सकाळी पहिली दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर घट्ट लागतो, मग ठीक होतो. गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदललं, 'जास्त भारी' टाकलं म्हणाले. उलट वाढलंच आहे.

वाढणारच होतं. त्यासाठी सिंक्रोनायझर रिंग काय करते ते समजून घ्या. ही बहुधा पितळी, आतून निमुळती कडी असते. दांडा सरकवला की ती गिअरच्या निमुळत्या भागावर चढून घासते आणि त्या घर्षणानं दोन्हींची गती सारखी करते. तोवर तिचे दात स्लीव्हची वाट अडवून धरतात. गती जुळली की वाट मोकळी होते आणि स्लीव्ह गिअरच्या दातांत सरकते. दांड्याला आधी जो अडथळा आणि मग 'टक' लागतो तो हाच. आता घासायचं तर मधला ऑइलचा थर बाजूला व्हायला हवा. रिंगेच्या आत बारीक खाचा असतात त्या यासाठीच. ऑइल गार आणि घट्ट असेल तर थर लवकर तुटत नाही, आणि तुम्हाला दांडा अडल्यासारखा वाटतो. गिअर बॉक्समध्ये काही जळत नसल्यानं त्याचं ऑइल इंजिनाच्या ऑइलपेक्षा बरंच सावकाश तापतं. म्हणून सकाळचा थोडा घट्टपणा स्वाभाविक आहे. तेवढा वेळ दांड्यावर स्थिर, हलका दाब ठेवायचा. धक्का मारायचा नाही.

'भारी' म्हणजे जास्त दाट असेल तर त्रास वाढतो. आणि भारी म्हणजे जीएल-४ च्या जागी जीएल-५ (हे गिअर ऑइलचे प्रकार, डब्यावर लिहिलेले असतात) असेल तर गोष्ट आणखी वेगळी. जीएल-५ डिफरन्शियलच्या प्रचंड दाबासाठी बनवतात. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं बरीच जास्त असतात. ती पितळेला बाधू शकतात, आणि ज्या घर्षणावर रिंग चालते तेही बदलतात. वरचा आकडा म्हणजे वरचा दर्जा असं इथे नाही. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० (हा दाटपणाचा आकडा) जीएल-४ लिहिलं असेल तर तेच टाका. लहान गाडीच्या बॉक्सला साधारण दोन लिटर लागतं.

बदलायला सांगताना दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. गाडी सपाटीवर हवी आणि ऑइल कोमट. खालचा नट उघडण्याआधी भरायचा नट सैल होतोय का ते बघायला सांगा. आधी ऑइल सोडलं आणि मग भरायचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. ज्या बॉक्सला बाजूला भरायचं भोक असतं त्यात ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरतात. खालच्या नटाला चुंबक असेल तर तो पुसण्याआधी बघा. राखाडी, शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा लेप असला तर काळजी नको. निथळलेल्या ऑइलमध्ये सोनेरी कण चमकत असतील तर रिंगा झिजताहेत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइल उजेडात धरून बघायचं. पोलादाचे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स उघडायलाच हवा.

प्रश्न : वडील 'डबल क्लच मार' म्हणतात. हल्लीच्या गाडीत त्याची गरज आहे का?

रिंगा शाबूत असतील तर नाही. वडील ज्या गाड्यांवर शिकले असतील त्यांत ती गरज होती. डबल क्लच म्हणजे क्लच दाबून न्यूट्रलला यायचं, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. मध्ये क्लच सोडल्यामुळे टिचकी नुसत्या इंजिनाला न लागता गिअर बॉक्सच्या शाफ्टलाही लागते आणि रिंगेचं काम आपण करून टाकतो. वर सांगितलेल्या एका क्लचच्या टिचकीत फक्त इंजिनाची गती जुळते, शाफ्टची रिंगच जुळवते. पहिली युक्ती गिअर बॉक्सच्या सुखासाठी, दुसरी बसणाऱ्यांच्या. तुमच्या गाडीत दुसऱ्याची रिंग झिजली असेल आणि खाली येताना कर्र होत असेल, तर दुरुस्तीपर्यंत वडिलांचं ऐका. चालत्या गाडीत पहिला टाकायचा झाला तरीही ही युक्ती उपयोगी आहे. ताशी २० ला पहिल्यासाठी २६५० फेरे लागतात. नुसत्या रिंगेवर तेवढा भार टाकू नये. खरं तर ताशी १० च्या वर पहिला मागूच नये.

प्रश्न : गिअर गाळून टाकले तर चालतं का? तिसऱ्यातून थेट पाचवा?

चालतं. फेऱ्यांची उतरण मोठी असते, तेवढी वाट बघा. पाचव्यात क्लच सोडल्यावर १२००-१३०० च्या खाली जात असाल तर लवकर टाकलात.

प्रश्न : डिझेल गाडी सोडून पेट्रोल घेतली. तोच पाय, तोच हात. पण निघताना बंद पडते आणि गिअर बदलताना झटके.

डिझेल इंजिन अगदी खालच्या फेऱ्यांतही जोर देतं. तिथे नुसत्या क्लचवर निघायची सवय लागते. लहान पेट्रोलला निघताना आधी १२००-१५०० फेरे द्या, ते स्थिर ठेवा आणि मग क्लच पकडीवर आणा. डिझेलमध्ये २००० च्या आसपास गिअर बदलत होतात, इथे २२००-२५०० पर्यंत जाऊ द्या. आणि पेट्रोलचं फ्लायव्हील बहुधा हलकं असल्यानं फेरे चढायलाही चपळ असतात. जुन्या सवयीनं दाबलेला ॲक्सिलरेटर इथे जास्त होतो.

प्रश्न : गर्दीत पहिल्या गिअरमध्ये गाडी घोड्यासारखी उसळ्या मारते. एसी लावला की जास्तच.

पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना १४ पट होतो. पाय दोन मिलिमीटर हलला तरी गाडी उसळते, त्या उसळीनं पाय पुन्हा हलतो, आणि खेळ सुरू. टाच जमिनीला घट्ट टेकवा, पाय टाचेवर फिरवा. त्याहून चांगलं म्हणजे ॲक्सिलरेटर सोडूनच द्या. नुसत्या ८०० फेऱ्यांवर गाडी पहिल्यात ताशी ६ नं, दुसऱ्यात ११ नं आपणहून चालते. पुढच्या गाडीपासून थोडं अंतर राखलंत तर बराच वेळ दुसऱ्यातच सरकता येतं. वेग याच्या खाली जायला लागला की क्लच दाबा. इंजिन कण्हण्याची वाट बघू नका. एसीचा कॉम्प्रेसर जोडला जातो तेव्हा इंजिनावर एकदम भार येतो, तो धक्का कमी फेऱ्यांवर जास्त जाणवतो. फार जाणवत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून बघा. तिथे काजळी साचली की संगणकाला फेरे सावरायला वेळ लागतो.

प्रश्न : सगळं शिकून झालं, तरी हिसके आहेत. दुसऱ्यानं चालवली तरी आहेत.

दुसऱ्याच्या हातीही असतील तर गाडीत शोधा. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवताना आणि काढताना 'धड' असा आवाज येतो का? मग इंजिन माउंटिंग (इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारे रबरी टेकू) बघा. सपाट जागी बॉनेट उघडून एकानं बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे नाही. दुसऱ्यानं हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून पहिल्यात क्लच क्षणभर पकडीवर आणायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन थोडं हलणारच. पण ते गचकन उचललं जात असेल, तर माउंटिंगचं रबर फाटलेलं आहे. हे काम क्लचपेक्षा पुष्कळ सोपं असतं, म्हणून आधी हेच बघा.

निघताना गाडी थरथरते आणि क्लच पूर्ण सुटल्यावर शांत होते, तर प्लेटवर ऑइल उतरलं आहे, प्लेट चकाकली आहे किंवा फ्लायव्हीलवर तापून डाग पडलेत. इथे बॉक्स उतरवावाच लागतो. उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला आणि मागचं ऑइल सील बघून घ्या, नाहीतर नवी प्लेटही त्याच ऑइलनं भिजेल.

क्लच घसरतोय का हे मोकळ्या रस्त्यावर कळतं. चौथ्यात ताशी ५० ला, म्हणजे १८०० फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेग आणि काटा बरोबरीनं चढायला हवेत. काटा एकदम हजारभर उडाला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपली. ही तपासणी एकदाच करा. दुसऱ्यांदा केलीत तर उरलीसुरली प्लेटही जाईल.

चालता चालता गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल तर मात्र माउंटिंग आणि दांड्याच्या केबलची जुळणी तपासून, त्यात काही न सापडल्यास, स्लीव्हचे दात किंवा फोर्क झिजले आहेत असं समजा. तोवर त्या गिअरमध्ये दांडा हातानं दाबून धरून गाडी चालवू नका. त्यानं फोर्क लवकर जातो आणि एका गिअरचं काम तीन गिअरचं होऊन बसतं.